माघातली पेंड

माघाचा वद्य पक्ष लागला की जालन्याच्या जुन्या बाजारातल्या तेलघाण्यावरून मी जात नाही. थोडा लांबचा रस्ता धरतो. घाणा आता विजेवर फिरतो. बैल गेले, त्यांच्या डोळ्यांवरची झापडे गेली, घाण्याच्या तोंडाशी बसून दाणे सारणारा म्हातारा गेला. पेंडीचा वास मात्र तोच राहिला आहे. कोमट, गोडसर, कडेने किंचित जळका. तो नाकात शिरला की मला एक दुपार आठवते, आणि त्या दुपारनंतर मी जे केले ते मनातल्या मनात पुन्हा करावे लागते. ते टाळण्यासाठी म्हाताऱ्या माणसाने चार गल्ल्या जास्त चालाव्यात, यात फारसे बिघडत नाही, असे मी स्वतःला सांगत आलो.

लिहिण्याची सवय मला नाही. माझे सारे शिक्षण उर्दूतून आणि नंतर इंग्रजीतून झाले. मराठी ही घरात बोलायची भाषा होती. तिच्यात साधा रजेचा अर्ज लिहिण्याची वेळसुद्धा नोकरीची काही वर्षे उलटल्यावर आली. आता निवृत्तीनंतर हे धाडस करतो आहे. नवशिक्या गवंड्याप्रमाणे प्रत्येक ओळीला ओळंबा लावून पाहतो, आणि तरीही भिंत कुठे तरी झुकतेच.

मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्यानंतरचा तो तिसरा हिवाळा. अंबडहून वडीगोद्रीकडे जाताना रस्त्यापासून आत, एका जुन्या तलावाच्या बांधाखाली, सरकारने माशांचे बी तयार करण्याचे एक लहानसे केंद्र काढले होते. केंद्र म्हणजे दोन मोठी तळी, सहा उथळ कुंड्या, पत्र्याची एक गळकी शेड आणि मी. माझ्या हाताखाली दगडू भोई होता. त्याच्या तीन पिढ्यांनी त्या तलावात जाळी टाकली होती, आणि मला पोहता येत नव्हते. आमच्या घरात कोणी मासे खात नसे. विज्ञान शिकलो, नोकरी माशांची मिळाली, आणि माय शेजारणींना सांगताना 'तळ्याच्या खात्यात आहे' एवढेच सांगे.

तिथे आम्ही वाढवत होतो तो मासा आपल्याकडचा नव्हता. आपले रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहता पूर लागतो. हा परका मासा, तांबूस सोनेरी, जाड ओठांचा, तळ्यातच अंडी घाली, आणि तेही पावसाची वाट न पाहता, माघातल्या थंडीत. ओरिसाकडून पत्र्याच्या डब्यांतून त्याचे काही जोड आले होते. दगडू त्याला सरकारी मासा म्हणे. या माशाची बोटभर लांबीची पिल्ले तयार झाली की पावसाळ्यात ती तलावात सोडायची आणि तलाव भोयांच्या हवाली करायचा, असे ठरले होते. दगडूची सगळी भोईआळी त्या पिल्लांकडे डोळे लावून होती.

माझे स्वतःचे डोळे दुसरीकडे लागलेले होते. माझ्या पत्नीला, इंदूला, त्या हिवाळ्यात दिवस होते. लग्नानंतर सहा वर्षांनी. एरवी पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. पण इंदूची आई ती लहान असतानाच गेली होती, म्हणून तिचे सगळे आमच्याच घरी व्हायचे ठरले. तलावाजवळच्या गावात दोन खोल्यांचे भाड्याचे घर होते. बाहेरच्या खोलीत मी, माझी पुस्तके आणि सरकारी सामान. आतल्या खोलीत चूल, इंदू आणि माय.

मायविषयी लिहिताना माझा हात थबकतो. वाचणाऱ्याने तिला वाईट समजू नये. माझी थोरली बहीण, अक्का, पोलीस ॲक्शनच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. रस्ते बंद होते. डॉक्टर कुठून येणार? मूल मोठे होते. तीन दिवस अडले. सुईण शेवटी भिंतीकडे तोंड करून बसली. मूल अंगाने इतके भरलेले होते की पाहणाऱ्याला पाच महिन्यांचे वाटावे, असे माय सांगे. ते आणि अक्का एकाच दिवशी गेले. त्या दिवसापासून मायच्या मनात भरल्या अंगाच्या गर्भाची धास्ती बसली. इंदूला सातवा लागला तसे मायने तिचे जेवण निम्म्यावर आणले. अर्धी भाकरी, पातळ वरण. तूप बंद, दूध बंद. ही रीत तिने काढलेली नव्हती. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांतून ती चालत आलेली होती. मायने फक्त ती अधिक निष्ठेने पाळली.

"पोटात जागा एकच हाय, पोरी," ती इंदूला समजावी. "अन्नानं भरली तर लेकरू कुठं राहील? अन् खाऊन खाऊन लेकरू वाढलं, तर बाहेर कसं यील?"

या दोन वाक्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही, हे मला कळत होते. पहिल्यात अन्न गर्भाची जागा खाते. दुसऱ्यात अन्न गर्भालाच वाढवते. पण अक्काला खांदा दिलेल्या माणसाने मायशी तर्कशास्त्र कसे बोलावे? इंदूने सासूला शब्द दिला होता. ती तो पाळत होती.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले. फुलांची वाडी भरली, पाटाभोवती रांगोळी काढली, आळीतल्या बायकांनी पंचपक्वान्नांचे ताट मांडले. इंदूने रीतीप्रमाणे प्रत्येक पदार्थातला एकेक घास घेतला आणि ताट पुढे सरकले. बाहेरच्या खोलीतून मला तिची बोटे दिसत होती. पुरणपोळीवर ती नेमापेक्षा क्षणभर जास्त टेकलेली होती.

त्याच दिवसांत औरंगाबादहून मोठे साहेब जीपने आले. त्या वर्षी माशांच्या खाद्याची पोती निम्मीच आली होती. साहेब भला माणूस होता, घाईत होता. त्यांनी तळ्यांच्या काठाने एक फेरी मारली आणि सांगितले की पेंड जपून ठेवा, ती पिल्लांसाठी. आईबाप मासे मोठे झालेले आहेत, त्यांना आता कुठे वाढायचे आहे? ते तळ्यातले काहीबाही खाऊन राहतील. वर दाखवायची आहेत ती पिल्ले.

माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यातल्या एका परिच्छेदापाशी मी कागदाचा कपटा घालून ठेवला होता. अंडी घालण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत मादी जे खाते त्यातूनच अंड्यातला बलक तयार होतो. आणि अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिले काही दिवस तोंडाने खात नाही, पोटाखालच्या थैलीतल्या त्या बलकावरच जगते. म्हणजे आईने बांधून दिलेली शिदोरीच. शिदोरी हलकी बांधली गेली की ते लेकरू वाटचालीला उणेच निघते. हे सगळे मी एका पत्रात नीट, नम्रपणे, तीनदा मसुदा करून लिहिले होते. पत्र कोटाच्या आतल्या खिशात होते. जीपमध्ये बसताना साहेबांनी विचारले, काही अडचण? मी म्हणालो, जी नाही.

संकोच हा गुण आहे असे मला लहानपणापासून सांगण्यात आले. मोठ्यांसमोर न बोलणारा मुलगा म्हणून माझे कौतुक होई. बोलण्याची वेळ निघून गेल्यावर माझ्या मनात जी वाक्ये तयार होतात ती फार सुबक असतात. त्या काळात मी अशी पुष्कळ सुबक वाक्ये तयार केली, साहेबांसाठी आणि मायसाठी. दोघांना सांगायचे एकच होते. हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले होते, असे म्हटले तर ते खोटे होईल. दोन गोष्टी मला दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या दिसत. मधले दार मी उघडलेच नव्हते.

मधले दार उघडले ते दगडूच्या बायकोने. तिचे नाव सारू. दोन मोठ्या तळ्यांपैकी वरचे तळे तिच्या झोपडीला लागून होते. खरकटी भांडी ती तिथेच घाशी, कण्या तिथेच निवडी, आणि निवडता निवडता मूठभर पाण्यात भिरकावी. शेळ्यांच्या गोठ्यातला केर खरवडून, त्यातल्या अळ्यांसकट, तिथेच लोटी. मी तिला एकदा, शक्य तितक्या हळू आवाजात, सांगितले की आईबाप माशांना खाद्य घालायचे नाही असा वरून हुकूम आहे. तिने हातातली मूठ आधी तळ्यात सोडली, मग माझ्याकडे पाहिले.

"पोटुशी हायत त्या, साहेब. पोटुशीच्या तोंडचं काढू न्हाई," ती म्हणाली; आणि भांड्याला राख लावता लावता, जणू भांड्यालाच सांगावे तशी, "साहेबाच्या राज्यात मासळी बी उपाशी अन् घरची लक्ष्मी बी उपाशी. खातं तरी कोण मंग?"

दगडू तिच्यावर ओरडला. मी हसल्यासारखे केले. घरी जाताना बांधावरून चालताना माझे कान तापलेले होते.

माघी पौर्णिमेच्या आसपास आम्ही दोन्ही तळ्यांतले जोड निवडले. संध्याकाळी नर-माद्या एकत्र सोडल्या, पाण्यात मऊ पाणगवताचे झुपके टाकले. पहाटे धुके तळ्यावर बसलेले असताना पाण्यात एकदम धडपड उठली. नर माद्यांच्या मागे लागून गवतातून उसळत होते. ज्वारी हुरड्यात आलेली, बांधावर पळसाला कळे धरलेले, आणि थंडी अशी की दगडूच्या हाताची बोटे जाळे सोडेनात. उजाडल्यावर गवताचे झुपके उचलले. वरच्या तळ्यातल्या गवताला अंडी अशी चिकटली होती की राळ्याचे दाणे पसरावेत. मधासारखी, आरपार पिवळी. खालच्या तळ्यातल्या गवतालाही अंडी होती. पण फिकी, पाणचट. दुसऱ्या दिवशी त्यांतली कितीतरी पांढरी पडून बुरसली.

अंडी चिकटलेले गवत आम्ही चार बांबूंना बांधलेल्या पातळ कापडाच्या पेट्यांत सोडत असू. अशा पेटीला हापा म्हणत. तिसऱ्या दिवशी हाप्यात पिल्ले दिसू लागली. पापणीच्या केसासारखी पिल्ले, पोटाखाली थैली, नुसती कापडाला लोंबत राहिलेली. मी भिंगातून पाहिले. वरच्या तळ्यातल्या पिल्लांची थैली फुगलेली, गोल होती. खालच्यांची चपटी. मी भिंग पुसून पुन्हा पाहिले. मग दगडूला दिले. त्याने भिंग न लावताच पाहिले आणि मान हलवली.

दासनवमी आली. जांबला समर्थांच्या देवळात त्या दिवशी मोठी गर्दी लोटते. माय शेजारच्या दोघींबरोबर बैलगाडीने गेली, मुक्काम करून परतणार होती. दुपारी मला भिंगाची दुसरी काच हवी झाली, म्हणून मी अवेळी घरी आलो. दार लोटलेले होते.

इंदू बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होती, माझ्या खाटेला टेकून. शेडमध्ये घुशी झाल्या होत्या, म्हणून शेंगदाण्याच्या पेंडीचे एक चांगले पोते मी घरीच ठेवले होते. पोत्याच्या कोपऱ्याची शिवण दोन टाके उसवलेली होती. तिच्या पदरात पेंडीची एक ढेप होती, आणि ती दाढेखाली धरून तुकडा तोडत होती. घाण्याची पेंड दगडासारखी कडक असते. तिच्या ओठांच्या कडेला भुगा लागला होता. मला पाहून ती दचकली नाही. लहान मुलाला हसू आवरत नाही तसे ती हसली.

"मायला शब्द दिल्ता ना," ती म्हणाली. "चुलीपाशी गेलेच न्हाई मी. भाकरीची टोपली बी उघडली न्हाई. पण ही काय जेवणात धरतेत का? ही तर माशांची."

चुलीजवळ टोपलीत भाकरी होत्या. माय घरात नव्हती. विचारणारे कोणी नव्हते. तरी तिने आतल्या खोलीतल्या कशालाही हात लावला नव्हता, आणि बाहेरच्या खोलीत येऊन जनावरांच्या खाण्याची ढेप फोडली होती. तिचा शब्द तिच्या हिशेबाने शाबूत होता.

त्या क्षणी मला करता येण्यासारख्या गोष्टी अनेक होत्या. आज त्या मी पाठ म्हणू शकतो. आत जाऊन भाकरी आणता आली असती. पेंडीबरोबर गुळाचा खडा देता आला असता; आमच्याकडे गडीमाणसे पेंड-गूळ आवडीने खातात. तिच्याजवळ नुसते बसताही आले असते. मी काच शोधली, रुमालात गुंडाळली, आणि बाहेर पडलो. दार लोटून घेतले, तेही आवाज न होऊ देता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माय जांबहून यायच्या आत, मी दगडूला गाडी घेऊन बोलावले आणि ते पोते शेडमध्ये नेऊन ठेवले. इंदूला सांगितले की घुशींचा बंदोबस्त झाला आहे. झाला नव्हता. स्वतःला मी सांगितले की पेंड जुनी आहे, तिला कुबट वास येतो, गर्भारशीच्या पोटात बुरशी जायला नको. हे एक कारण. दुसरे असे की माल सरकारी होता आणि चार दिवसांनी पिल्लांना लागणारच होता. दोन्ही कारणे खोटी नव्हती. माणूस खरी कारणे वापरूनही किती वाईट काम करू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

इंदू म्हणाली, "बरं."

रंगपंचमीनंतर चौथ्या दिवशी ती बाळंत झाली. बाळंतपण सोपे झाले; दोन घटकांत. मायने सुईणीला लुगडे दिले, देवापुढे नाक घासले, आणि ओसरीवर येऊन माझ्यासमोर प्रथमच रडली. तिच्या दृष्टीने तिने एक जीव वाचवला होता. हे नाकारण्याचा अधिकार मला अजूनही सापडलेला नाही. मुलगी झाली होती. मी तिला पाहिले तेव्हा ती सुपात ठेवलेली होती आणि सुपाचा बहुतेक भाग रिकामाच होता. तिचे रडणे असे की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये.

मग मायने हात आखडला नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, तुपात तळलेला ओवा, शेपूची भाजी. जे तीन महिने बंद होते ते दिवसातून चार वेळा बाजेशी येऊ लागले. इंदूला पान्हा भरपूर आला. मूल पीत होते, झोपत होते, आणि जिथल्या तिथे होते. माय दररोज तिला तेल लावून, पाय ओढून, उजेडाकडे धरून पाही. "धरील बाळसं," ती म्हणे. चैत्र गेला तरी तिने बाळसे धरले नाही.

कुंड्यांमध्ये तेच चालले होते. ही तुलना मी ओढूनताणून करतो आहे असे कोणास वाटल्यास मी वाद घालणार नाही. एका गोष्टीने दुसरी सिद्ध होत नाही, हे मी शिकलेलो आहे. मी एवढेच सांगतो की सकाळी मी कुंड्यांवर जाई आणि दुपारी बाजेशी बसे. सहाही कुंड्यांत पेंड आणि कोंडा सारखाच पडत होता. मी स्वतः तो वस्त्रगाळ करून घालीत होतो. हुकुमाप्रमाणे जपून ठेवलेली पेंड आता सढळ हाताने जात होती. वरच्या तळ्यातली पिल्ले चैत्र संपायला करंगळीएवढी झाली. खालच्या तळ्यातली लिंबाच्या पानाच्या देठाएवढी राहिली. डोके मोठे, अंग पुढे सरकायला तयार नाही. मी त्यांच्या कुंड्यांत दुप्पट खाद्य घालून पाहिले. पाणी नासले, पिल्ले तेवढीच.

त्या दिवशी दगडू कुंडीच्या काठावर उकिडवा बसला होता. मी पेंडीचा भुगा पाण्यावर सोडत होतो.

"आता किती बी घाला, साहेब," तो म्हणाला. "आईनं खायचं व्हतं ते राह्यलं. ते पिल्लाच्या तोंडातून भरून येत न्हाई. बिलकुल न्हाई."

त्याने ते माशांविषयीच म्हटले होते. सारूचा तो टोमणा त्याने ऐकला होता. पण तो स्वतः तसा बोलणारा नव्हता. मी हातातला भुगा तसाच धरून उभा राहिलो. आतापर्यंत दोन खोल्यांत ठेवलेल्या त्या दोन गोष्टी एकाच जागी आल्या, आणि तिथून मला बाजूला होता येईना.

वैशाखात साहेब आले. त्यांनी बरी आणि खुरटी पिल्ले एकाच डब्यात काढायला लावली, सरासरी पाहिली, आणि बीज जात्याच हलके असावे असे मत दिले. मी खिशाला हात लावला. पत्र अजून तिथेच होते. घड्यांवर मळले होते. मी ते काढले नाही. आषाढात कुंड्यांतली पिल्ले तलावात सोडली. खुरटलेली बहुधा पहिल्याच आठवड्यात मोठ्या माशांनी गिळली. पुढच्या वर्षी केंद्र बंद झाले. भोईआळीतली चार घरे जाळी उचलून गोदाकाठी गेली, त्यांत दगडूचेही होते. निघताना सारू इंदूला भेटायला आली होती. मुलीला तिने मांडीवर घेतले, वर-खाली करून तिचे वजन हातांनी जोखले, आणि काही न बोलता इंदूच्या ओटीत परत दिले. तिने टोमणा मारला असता तर मला बरे वाटले असते.

मुलीचे नाव शकुंतला ठेवले. ती जगली, हे सांगितले पाहिजे. दर हिवाळ्यात तिची छाती भरे, दर परीक्षेत आजारी पडे, शाळेच्या छायाचित्रात पहिल्या रांगेत कडेला बसे. बुद्धीने चांगली होती. माझ्यासारखीच कमी बोले. तिच्या वर्गातल्या मुली ओढा उडी मारून ओलांडत, तेव्हा ती वळसा घालून येई. मी तिला दूध दिले, शार्क माशाचे तेल दिले, मायला चोरून अंडीसुद्धा दिली. दगडूचे वाक्य चमच्यागणिक ऐकू येई. माय गेली तेव्हा शकू चौदा वर्षांची होती, आणि तिने मायच्या पायावर डोके ठेवले तेव्हा पाहणाऱ्यांनी विचारले, ही नातीची मुलगी का?

बाळंतपणासाठी शकू दिवस राहिल्यापासूनच आमच्याकडे आली होती; गेल्या महिन्यात ती बाळंत झाली. आता जालना हा वेगळा जिल्हा झाला आहे, दवाखाना चार रस्त्यांपलीकडे आहे. तिसऱ्या महिन्यापासून तिने काय खावे याची यादी मीच भिंतीला लावली होती, आणि इंदू ती अक्षर न अक्षर पाळत होती. तूप, दूध, डाळी, फळे. कोणी कोणाला अर्ध्या भाकरीवर ठेवले नाही. मी मनाशी म्हणालो होतो की निदान ही शिदोरी तरी मी पुरती बांधून देईन.

मुलगी झाली. लहान. सुपाची रीत आता राहिलेली नाही, काट्यावर ठेवतात. पण काट्याच्या पाळण्यातही पुष्कळ जागा उरली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, प्रेमळ होत्या. त्यांनी शकूच्या खाण्यापिण्याचे विचारले. सगळे ठीक होते. मग त्यांनी विचारले, "आणि आई स्वतः जन्मली तेव्हा कशी होती?" मी काट्याकडे पाहत राहिलो. त्याच म्हणाल्या, लहान जन्मलेल्या बायकांची लेकरे कधी कधी लहानच होतात. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या पोटात तिच्या पुढच्या लेकरांची बीजे तयार होतात. त्यांनी हे सहज, माझे समाधान व्हावे म्हणून सांगितले. मी त्यांचे आभार मानले आणि बाकावर येऊन बसलो.

म्हणजे त्या दुपारी माझ्या खाटेला टेकून एकटी इंदू जेवत नव्हती. तिच्यात शकू होती, आणि शकूत ही नातसुद्धा. तिघी एका ढेपेवर बसल्या होत्या. आणि मी पोते उचलून नेले.

काल दासनवमी होती. मी लांबचा रस्ता धरला नाही. घाण्यावर गेलो, शेंगदाण्याची ताजी पेंड मागितली. दुकानातल्या मुलाने विचारले, म्हशीला का? मी हो म्हणालो. गूळ दुसऱ्या दुकानातून घेतला. घरी आलो तेव्हा शकू आणि बाळ आत झोपलेले होते. इंदू अंगणात ज्वारी पाखडत होती. मी ढेप फोडली, गुळाचा खडा ताटलीत ठेवला, आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. बोलायचे पुष्कळ ठरवले होते. अनेक वर्षे रचलेली ती सुबक वाक्ये.

तिने पेंडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. सूप खाली ठेवले.

"दात कुठं राह्यलेत आता," ती म्हणाली. मग पदराने कपाळ टिपत, "त्या वक्ताला पोतं घुशींपायी न्हाई हलवलं तुमी, ते ठाऊक होतं मला. उसवलेले टाके तुमी पाह्यले होते." मी मान वर केली नाही. तिच्या आवाजात राग असता तर मी तो अंगावर घेतला असता. राग नव्हता. "मला वाटलं, माशांना लागत आसंल."

तिने एक लहानसा तुकडा उचलून तोंडात धरला. चावता येईना. बराच वेळ तो गालात तसाच ठेवून ती पुन्हा ज्वारी पाखडत राहिली, आणि मी तिच्यासमोर बसून तो विरघळण्याची वाट पाहत होतो.